सोपान परतला का?

आजोबांचा फोन वाजला तेव्हा त्यांची नात कादंबरी त्यांच्याविषयीच लिहीत बसली होती. दोन तासांत चार ओळी झाल्या होत्या. सुभेदार दिगंबर घोरपडे. फलटण तालुक्यातले. एकाहत्तरच्या लढाईत होते. मला सायकल त्यांनी शिकवली. आज त्यांचा तेरावा होता. पाच वाजता चंदीगढच्या त्यांच्या सेक्टरमधल्या कम्युनिटी सेंटरमध्ये शोकसभा होती, नातीनं दोन शब्द बोलायचे होते, आणि पाचवी ओळ कागदावर येत नव्हती.

ती ओळ तिला ठाऊक होती. चारचौघांत वाचण्यासारखी नव्हती.

आजोबांची शेवटची दोन वर्षं विसरण्यात गेली. आधी किल्ल्या, मग सुनेचं नाव, मग आपण चंदीगढला मुलाच्या घरी राहतो हेही. राहिला तो एक प्रश्न. दिवस कलला की ते फाटकाशी खुर्ची टाकून बसत आणि येईल त्याला विचारत, "सोपान परतला का?" सोपान त्यांच्याच गावचा, त्यांच्याच पलटणीतला. एकाहत्तरच्या डिसेंबरात दोघं गस्तीवर गेले आणि आजोबा एकटे आले. सोपान बेपत्ता झाला, एवढंच घरात माहीत होतं. कादंबरीचे बाबा डॉक्टर. त्यांनी सगळ्यांना बजावलं होतं, "हो म्हणायचं. उगाच त्रास द्यायचा नाही." मग कुणीतरी म्हणे, "परतला की. आत जेवतोय." तेवढं ऐकलं की ते मुकाट्यानं उठून आत येत.

तेरा दिवसांपूर्वी उत्तर द्यायची पाळी कादंबरीवर आली. सेक्टर चौतीसमधल्या स्पर्धा परीक्षेच्या क्लासमध्ये निकाल पाहून ती घरी येत होती. तिसऱ्यांदा नापास. फाटकातच प्रश्न आला.

"नाही परतला," ती म्हणाली. "चोपन्न वर्षं झाली, आजोबा. मेला असेल तो. आता नाही यायचा."

आजोबांनी मान वर केली. कित्येक महिन्यांत त्यांनी कुणाकडे असं पाहिलं नव्हतं.

"तुला कुणी सांगितलं?"

ती आत निघून गेली. सकाळी आई चहा घेऊन त्यांच्या खोलीत गेली तेव्हा अंग गार पडलं होतं. हृदय थांबलं, बाबा म्हणाले. ते कशानं थांबलं हे कादंबरीला माहीत होतं. तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

फोन अजून वाजत होता. 'इंद्रायणीवहिनी', पडद्यावर नाव होतं. सोपानची बायको. तिचा फोन दर दिवाळीला येई आणि आजोबा तो घेऊन अंगणात जात.

"भाऊजी हायेत का?" म्हातारा, कोरडा आवाज.

"मी त्यांची नात. ते..." कादंबरी अडखळली. "झोपलेत."

"नात? म्हणजे तूच ती. कादंबरी न्हवं? बरं झालं. तूच सांगितलंस म्हणाले ते मला."

"काय?"

"दोन आठवडे झाले असतील, रात्री फोन आला त्यांचा. आवाज अगदी पहिल्यासारखा. म्हणाले, वहिनी, आज माझ्या नातीनं मला खरं सांगितलं, आता मला तुम्हाला सांगायला पायजे. सोपान माझ्या मांडीवर गेला. नऊ डिसेंबरला, पहाटे. मागून गोळ्या येत होत्या, मी त्याला तिथंच टाकून पळालो. पलटणीत सांगायची लाज वाटली म्हणून अंधारात चुकामूक झाली म्हटलं. तुमच्या दारात आलो तेव्हा तुम्ही ताट वाढून बसला होता. तोंडातून तेच निघालं. बेपत्ता आहे, येईल."

कादंबरीनं उठून खोलीचं दार लोटलं.

"एकोणीस वर्षांची होते मी," इंद्रायणी सांगत होती. "आईनं दुसरीकडं जमवलं होतं माझं. चांगला माणूस होता, शाळेत मास्तर. मी न्हाई म्हटलं. म्हटलं, दिगंबरभाऊजी खोटं बोलायचे न्हाईत. ते येईल म्हणालेत म्हणजे येणार. दर दिवाळीला विचारायची, काय कळलं का? दर दिवाळीला म्हणायचे, कळेल, वहिनी. चांगलंच वाटावं म्हणून म्हणत असतील. चोपन्न वर्षं गेली गं त्यात."

कादंबरीनं पुढ्यातला चार ओळींचा कागद उलटा केला.

"त्या दिवशी मी एक शब्द न बोलता फोन ठेवला. राग अजून गेला न्हाई माझा, तुला खोटं कशाला सांगू. पण काल भटजींकडं जाऊन आले. तारीखच न्हवती ना आजवर, श्राद्ध तरी कधी घालणार? आता घालते. तेवढं भाऊजींना सांगायचंय. आणि काय काय बोलायचंय. उठव त्यांना."

बाहेर बाबा गाडी काढत होते. आई हाक मारत होती. अजून एकदा झोपलेत म्हणणं सोपं होतं. आठवड्यानं प्रकृती बरी नाही म्हणता आलं असतं. दिवाळीला आणखी काही. म्हातारीचं मन राहिलं असतं.

"आजी," कादंबरी म्हणाली, "मी खोटं बोलले. आजोबा झोपलेले नाहीत. ते गेले. तुम्हाला फोन केला त्याच रात्री. आज तेरावा आहे त्यांचा."

पलीकडे कुठलासा खण उघडल्याचा आवाज आला, कागद चाळल्याचा.

"कधी गेले?" इंद्रायणीनं विचारलं.

"चौदा मार्चला. पहाटे."

"थांब. लिहून घेते."