जून पाला

काचेच्या बशीतल्या, कॅन्सरच्या वाटेला लागलेल्या पेशी तिसऱ्यांदाही मजेत वाढलेल्या पाहून डॉ. तुळपुळेबाईंनी सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला. गेल्या वर्षी शेवग्याच्या पाल्याच्या अर्काने याच पेशींना वाटेतच अडवलं होतं. यंदा तो अर्क पाहुण्यासारखा नुसता बसून होता. महिनाअखेरीस समिती येणार होती, आणि तिला तोच निकाल पुन्हा दाखवता आला नाही तर सात वर्षांचं संशोधन बासनात जाणार होतं.

यंत्रं तपासून झाली, रसायनं बदलून झाली. राहता राहिली पाला पुरवणारी हौसामावशी.

"मावशी, पाला गेल्या वर्षीसारखाच देताय ना?"

"छ्या! तवा वळख नव्हती, हाताला लागंल तो जून पाला ओरबाडून दिला. आता तुम्ही कॅन्सरच्या डाक्टरीणबाई. कवळी कवळी पानं निवडून, धुऊन देते."

"मग जून पाल्याचं काय करता?"

"शेळीला घालते."

बाई खुर्चीतून उठल्याच. "उद्यापासून शेळीचा पाला मला आणि माझा शेळीला!"

"काय बाई तुमचं नशीब! एवढं शिकून…" मावशी हळहळली, पण पाला तिने आणला.

समिती आली तेव्हा पेशी निमूट जागच्या जागी थांबल्या होत्या. "जून पानांतच गुण आहे, हे कसं सुचलं?" अध्यक्षांनी कौतुकाने विचारलं.

"स्थानिक तज्ज्ञांचा सल्ला घेतला," बाई गंभीरपणे म्हणाल्या.

तज्ज्ञांची नावं अहवालात हवीत, असं अध्यक्ष म्हणाले. बाईंनी हौसामावशीचं नाव लिहिलं आणि शेळीचं विचारायला फोन लावला.