पहिला वर्ग

वनखातं जोयड्याच्या रानातली वाडी उठवणार अशी कुणकुण लागली, तेव्हा साहेबांशी त्यांच्या भाषेत भांडता यावं म्हणून नागू विद्यापीठात जाऊन सार्वजनिक धोरणाचा सहा महिन्यांचा सर्टिफिकेट कोर्स करून आला. शेवटच्या निबंधात त्यानं जीव ओतून लिहिलं होतं, "पैसे द्या नाहीतर पोलीस आणा, आमचा देव जागेवर आहे तोवर वाडी हलणार नाही." सरांनी त्या वाक्याखाली लाल रेघ ओढून पहिला वर्ग दिला.

दोन वर्षांनी साहेब आले, तेव्हा बरोबर एकही पोलीस नव्हता. फुलांनी सजवलेला ट्रक होता, ढोलवाले होते, आणि वाडीला जिथं हलवायचं होतं त्या रामनगरकडं बांधलेल्या नव्या देवळाचा पुजारी होता. साहेबांच्या हातात नागूचाच निबंध होता, लाल रेघेसकट.

"फार उपयोगी पडला हो तुमचा अभ्यास," ते हसून म्हणाले.

पुजाऱ्यानं देव उचलून ट्रकात बसवला, ढोल वाजू लागले, तसा नागू धावत जाऊन ट्रकापुढं आडवा पडला.

डोक्यावर गाठोडं घेतलेली त्याची आई जवळ आली आणि म्हणाली, "ऊठ रं नागू, देवाची वाट अडवू नगंस."