खोकडाच्या फोटोतली सावली

देवळ्याच्या झुंबरबाईचा एकुलता एक लेक हेमराज, चार दिवस रजा मिळाली की कॅमेरा घेऊन खोकडांचे, म्हणजे लहानशा कोल्ह्यांचे, फोटो काढायला राजस्थानच्या वाळवंटात पळायचा. मागं घरात झुंबरबाई एकटी. "आईपाशी घडीभर बसायला याला वेळ नाय, अन् खोकडापुढं दिवसदिवस बसतो," असं ती गावभर सांगायची.

आज सकाळी त्यानं मोबाइलवर खोकडाचा फोटो पाठवला. झुंबरबाईनं खोकडाकडं पाहिलंसुद्धा नाही. ऊन पाठीशी असलं की हेमराजची सावली फोटोत पुढं वाळूवर पडे. लेकाला पाहायचं तर तिच्या वाट्याला तेवढंच येई.

आज सावल्या दोन होत्या.

त्याच्या बसक्या सावलीला खेटून दुसरी उभी होती. डोक्यावर पदर, हातात काठी, कमरेत डावीकडं वाक. असा वाक अख्ख्या देवळ्यात एकाच बाईला होता.

तिनं घाईनं फोन लावला. "हेमू, तुझ्याजवळ कोण हाय?"

"कोण असणार? दहा कोसांत माणूस नाय."

"मंग मागं वळून बघ. बघ म्हणते ना, मेल्या!"

पलीकडं वाळू कुरकुरली. मग हेमराज हसला, लहानपणी शाळेतून घरी आल्यावर हसायचा तसा.

तेवढ्यात फोनमधून झुंबरबाईला स्वतःचाच खणखणीत आवाज ऐकू आला. "कोणाशी बोलत बसलास रे? भाकर गार होतीय."

"कोणी नाय गं, आई," हेमराज म्हणाला, आणि त्यानं फोन ठेवला.