अडीच बाय पाच

शेवटच्या चौकटीची शेवटची रेघ मारून मैदानमामांनी पांढऱ्या फक्कीची गाडी उभी केली आणि कमरेवर हात ठेवून मागे वळून पाहिलं. त्र्याऐंशी चौकटी. एकही रेघ तसूभर इकडेतिकडे नाही. पण खेळ कोणता, ते काही केल्या त्यांना उमगेना.

बावीस वर्षं विद्यापीठाच्या या मैदानावर रेघा मारणारा माणूस. व्हॉलीबॉल अठरा बाय नऊ, बास्केटबॉल अठ्ठावीस बाय पंधरा, टेनिसचं तर सेंटीमीटरसकट तोंडपाठ. झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील आणि उठवल्याबद्दल वर चार शब्द सुनावतील. अडीच बाय पाचचा खेळ मात्र त्यांनी जन्मात ऐकला नव्हता. ना जाळी, ना गोल, ना मधली रेघ.

"मामा, एवढ्याशा चौकटीत खेळायचं काय?" धावपट्टीच्या कडेला पाय ताणत उभ्या असलेल्या उंच मुलीनं विचारलं.

"ते तुमच्या साहेबाला ठाऊक. नवा खेळ यायचाय म्हणाला, मापं दिली, मी आखलं. पण एक गोष्ट त्याच्याही ध्यानात आली नव्हती बघ. नकाशात चौकटीला चौकट चिकटलेली. खेळाडू तोल जाऊन बाहेर आला तर शेजारच्यावरच आपटायचा की. म्हणून दर दोन चौकटींत अर्धा मीटर मी माझ्या डोक्यानं सोडलाय. पडायला जागा नको?"

मुलगी हसली आणि बाकीच्या मुलींबरोबर पळायला गेली.

साहेब म्हणजे क्रीडासंचालक. याच धावपट्टीवर तयार झालेला. विद्यार्थी असताना पायांना फोड आले की मामांच्या खोलीत पाय वर करून पडून राहायचा आणि मामांच्या डब्यातलं अर्धं जेवण फस्त करायचा. गेल्या आठवड्यात मैदान जाणार अशी आवई उठली, मुलंमुली फलक घेऊन दारात बसली, तेव्हा त्यानं मामांना बाजूला घेतलं होतं. "मामा, मी असेपर्यंत मैदानाला कुणी हात लावणार नाही." एवढ्या शब्दावर मामांनी सगळ्यांना उठवलं. "माझं पोरगं आहे ते. मला नाही फसवणार," म्हणाले. मुलं उठली ती मामांच्या तोंडाकडे बघून. साहेबासाठी कुणी पायरीसुद्धा सोडली नसती.

आता तो फाटकातून आत आला. बरोबर एक इंजिनिअर, हातात गुंडाळलेला नकाशा. इंजिनिअरनं बोट नाचवत चौकटी मोजल्या आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"शंभर पाहिजेत. हे मध्ये मध्ये अंतर कुणी सोडलं?"

"मी," मामा म्हणाले. शाबासकी घ्यायच्या तयारीनंच. "पडायला."

"कुणाला पडायला?"

"खेळाडूला."

इंजिनिअरनं आधी संचालकाकडे पाहिलं, मग मामांकडे. "अहो काका, गाड्या कशाला पडतील? तुमच्यापायी सतरा गाड्या बाहेर राहतायत. सोमवारी फरशी बसायला सुरुवात आहे इथे."

माणूस थट्टा करतोय असं मामांना वाटलं. हसायला म्हणून त्यांनी संचालकाकडे पाहिलं. तो बुटाच्या टोकानं गवत उकरत होता. मामांना राग यायलाही थोडा वेळ लागला.

"तू मला खेळ म्हणालास."

"मामा, वरून आलं. माझ्या हातात काही नव्हतं."

"वरून आलं, ठीक. खोटं बोलायलाही वरूनच सांगितलं?"

या वेळी संचालक खरं बोलला. "तुम्हाला कळलं असतं तर मुलं उठली नसती."

इंजिनिअरला यातलं काही घेणं नव्हतं. मधलं अंतर काढून दुपारपर्यंत शंभर करून द्या, असं सांगून तो फोन कानाला लावत फाटकाकडे निघून गेला.

"तुम्ही घरी जा मामा," संचालक हलक्या आवाजात म्हणाला. "मी दुसऱ्या कुणाला तरी लावतो."

"आणि माझ्या मैदानावर वाकड्या रेघा ओढून घेतोस?"

मामांनी बादली उचलून पहिल्या दोन चौकटींवर पाणी ओतलं. फक्की दुधासारखी गवतातून पसरली. मग खिशातून सुतळीचं बंडल काढून त्यांनी एक टोक संचालकापुढे धरलं.

"धर."

"मी?"

"मग कोण?"

त्यानं टोक धरलं. इस्त्रीच्या पँटीत उकिडवा बसला, सुतळी जमिनीला टेकवली. मामा दुसरं टोक घेऊन मागे मागे सरकत गेले.

धावपट्टीवरच्या मुली एकेक करून थांबल्या. इंजिनिअरचा आवाज काही लहान नव्हता. गाड्या, फरशी, सोमवार, सगळं त्यांच्यापर्यंत पोचलं होतं. त्या संचालकाकडे बघतही नव्हत्या. त्या मामांकडे बघत होत्या. उंच मुलीनं कमरेला बांधलेलं जाकीट सोडलं, अंगात घातलं आणि गळ्यापर्यंत चेन ओढून घेतली. मामांना तिच्या नजरेला नजर देववेना, तरी त्यांनी दिली. तिनंच तोंड फिरवलं.

सुतळी सैल पडली. पलीकडच्या टोकाला संचालकाची हनुवटी छातीला टेकली होती.

"मान वर कर," मामा म्हणाले. "खाली बघत बसलास की रेघ वाकडी येते."