बिरड्याचा सण

छत्तीस साली धोंडूबाई वैशाखऱ्याहून मुरबाडात राहायला आली, त्याला चारच महिने झाले होते. त्या दिवशी शेजारच्या शनवार तेल्यांची, म्हणजे शनिवार पाळणाऱ्या बेने इस्रायली ज्यू मलकाबाईची, चूल पेटलीच नाही. घरातली सगळी भुईवर गप्प बसलेली, आणि मलकाबाई डोळे पुशीत मोडाचे वाल सोलत होती. धोंडूबाई लगोलग पिठलंभात घेऊन गेली.

"कोण गेलं गो?"

"मानूस नाय गो. यरुशलेमचं आमचं देऊळ पाडलं, त्याचा दुखवटा. दिवसभर उपास, सांजच्याला हे बिरडं."

"कधी पाडलं?"

"दोन हजार वर्सं होत आली."

धोंडूबाई हसली नाही. पिठलंभात झाकून ठेवून ती मलकाबाईजवळ भुईवर वाल सोलायला बसली.

"आनि चार महिने शेजारी असून मला आज सांगतेस होय गो?"