बायनाबाईच्या सैपाकघराचा सर्व्हे

"शिळं खाता का?" सर्व्हेवाल्या मॅडमनी विचारलं.

"छे! आमच्याकडं? नाव काढू नका," बायनाबाई म्हणाली. सकाळीच तिने रात्रीच्या भाकरीचा कुस्करा चापून खाल्ला होता, पण घराच्या अब्रूचा सवाल होता ना!

मॅडम म्हणजे विशीपंचविशीतली पोरगी. परभणीच्या कॉलेजातून आले म्हणाली. घरात अन्नाची काळजी कशी घेता, आहारातलं काय कळतं, असे तीस प्रश्न. बायनाबाई पैकीच्या पैकी मार्क घ्यायला बसली होती.

तिचं डोकं मात्र सकाळपासून तापलेलं. पोरगा बजरंग चौतिशीला टेकला. तिच्या भावाने, रंगनाथने, मानवतच्या पोरीचं स्थळ सुचवलं, त्याला महिना झाला. ना फोटो, ना निरोप.

"शेती करतो म्हणलं की संपलं," तिने पोरीलाच सुनावलं. "घर बगायचं न्हाई, पोरगं बगायचं न्हाई. आमी काय दगडं खातोत का?"

पोरीने मान वर केली नाही. "पाकिटावरची तारीख कोण बघतं?"

"मीच की!" शाळेचं तोंड न पाहिलेली बायनाबाई ठासून म्हणाली.

तेवढ्यात बजरंग शेतातून आला. साबणाने हात धुतले, मॅडमना पाणी दिलं आणि तिथंच टेकला.

"आई, खोटं कशाला? तारीख मी बगतो, मॅडम. शिळंबी खातोत, गरम करून. आईला बीपी हाय, म्हणून मीठ कमी. रातचा सैपाक माझ्याकडंच असतो."

बायनाबाईने कपाळावर हात मारला. गेली अब्रू! आता कॉलेजच्या कागदावर चढणार, आई खोटारडी आणि पोरगं गॅसपुढं. आधीच कुणी पोरगी देईना!

"मॅडम, सैपाकाचं तेवढं खोडा. लय हसतील लोक."

"खोडत नसते," पोरगी म्हणाली. पहिल्यांदाच ती हसली. "एवढं खरं बोलणारं घर मला अजून भेटलं नव्हतं."

"मंग पास का नापास?" बायनाबाईने धास्तावून विचारलं.

पोरीने फाइल मिटली, ओढणी डोक्यावर घेतली आणि वाकून बायनाबाईच्या पाया पडली.

"सर्व्हे तर दिवाळीतच संपला, मावशी. मानवतला जाऊन घरी सांगते, मला मुलगा पसंत आहे."