उसनी फुंकर

या, असे जवळ सरकून बसा. भिंतीला टेकलात तरी चालेल, पण कान इकडे असू द्या. दोन माणसांची आणि एका फुंकरीची गोष्ट सांगतो.

दगडाच्या कारखान्यातला एक कारागीर तिसरा मजला चढून आला, तेव्हा बायकोनं दार आधीच उघडून ठेवलं होतं. त्याचा खोकला खालच्या जिन्यातूनच वर पोचायचा.

"आलात का बँड वाजवत?" ती म्हणाली. पण हसली नाही.

कारखान्यात त्याला 'आरसा' म्हणायचे. त्यानं घासलेल्या फरशीत माणसाला आपला चेहरा दिसायचा, म्हणून. घासणीच्या शेडमध्ये त्याची वीस वर्षं गेली होती. आधी सकाळचा कोरडा खोकला सुरू झाला. मग जिन्यात अर्ध्यावर थांबून चपलेचा पट्टा नीट करायचं नाटक सुरू झालं.

"धूळ आहे, धुतली की जाते," असं तो सांगायचा. कपडे धुतले जायचे. छाती कशी धुणार?

सोमवारी कारखान्यात छातीच्या तपासणीची गाडी येणार होती. नळीत फुंकर मारायची, आणि ती कमी पडली की त्या माणसाला शेड बंद. मग फाटकावर बसून गाड्यांचे नंबर लिहायचे. या एका विचारानंच त्याचा जीव अर्धा झाला होता. त्याच्या हातांना दगडाखेरीज दुसरं काही येतच नव्हतं.

शेवटी त्यानं बायकोच्या थोरल्या भावाला गाठलं. हे बुवा देवाच्या गोष्टी गाऊन सांगायचे. त्याआधी बावीस वर्षं तेही त्याच शेडमध्ये होते. आणि गळा काय सांगू! माईक बंद पडला तर कुणाला कळायचंही नाही. अलीकडे मात्र ते बसूनच सांगायचे. ओळ अर्ध्यावर सोडायचे, डोळे मिटायचे, थांबायचे. 'बुवांचं आता आतून येतं,' असं म्हणत माणसं डोळे पुसायची.

"बुवा, माझ्या नावानं तुम्ही फुंका," आरसा म्हणाला. "गाडीवरची माणसं बाहेरची आहेत. तपासणीच्या कार्डावर फोटो नसतो."

"देवाचं नाव घेतो त्या तोंडानं लबाडी करू?" बुवा उखडले. "त्यापेक्षा माझ्याबरोबर डॉक्टरकडे चला."

"जाऊ की. एवढी तपासणी उरकली की जाऊ."

"वर्षभर हेच ऐकतोय, दाजी. बहीण माझी रडून रडून अर्धी झाली. मी हात जोडले, पाया पडायचं तेवढं बाकी राहिलंय."

"मग तिच्यासाठी तरी फुंका. तुमच्यासारखा गळा असता तर मी कशाला आलो असतो?"

बुवांनी हळूच विचारलं, "पास झालं तर काय होतं?"

"आणखी दोन वर्षं शेड माझी."

"आणि नापास?"

"दुसऱ्या दिवशी बाहेर. त्यात साहेबाचंही चालत नाही."

"आणा ते कार्ड इकडे," बुवा म्हणाले.

सोमवारी बुवा त्याचा शर्ट घालून आणि तोंडाला फडकं गुंडाळून रांगेत उभे राहिले. शेडमधल्यांनी मुकादमाला गप्पांत गुंतवून ठेवलं. कुणीतरी कुजबुजलं, "आज आरशात बुवा दिसताहेत रे!" रांगेत दबका हशा पिकला.

गाडीतल्या बाईनं बुवांना तीनदा फुंकायला लावलं. तिसऱ्या खेपेला त्यांनी गाडीची कड घट्ट धरली. बाहेर आल्यावर ते कट्ट्यावर कितीतरी वेळ नुसते बसून राहिले.

"जमलं ना?" आरशानं विचारलं.

"देवाच्या हवाली केलंय," एवढंच ते बोलले.

गुरुवारी साहेबानं बोलावलं. खोलीत तपासणीचा डॉक्टरही बसला होता. त्यानं कागद पुढे सरकवला.

"फुंकर निम्म्याहून कमी आहे. तुम्ही उभे कसे राहता हो? दगडाची धूळ आत बसली की फुफ्फुसं कडक होत जातात. झालेली पुन्हा मऊ होत नाहीत. छातीचा फोटो काढा, थुंकी तपासून घ्या. आणि धुळीत आजपासून पाऊल टाकायचं नाही. उरलंय तेवढं सांभाळायचं."

आरसा तणतणत बाहेर आला. एवढा गळा, एवढं नाव, आणि माझ्या वेळेला फुंकर कमी पडली! आवारातून चालताना तो एकदम थबकला. कागदावर नाव त्याचं होतं. छाती त्याची नव्हती.

साहेबाला खरं सांगावं तर दोघांची लबाडी उघडी पडणार. बुवांना सांगावं तर कोणत्या तोंडानं? आणि न सांगावं तर त्यांच्या औषधाचा एकेक दिवस वाया जाणार. दोनदा बसत, दम घेत तो त्यांच्या घरी पोचला.

बुवा तीन उशांना टेकून बसले होते.

"नापास झालं," आरसा म्हणाला आणि रडायलाच लागला. "बुवा, नाव माझं आहे हो, पण ती फुंकर..."

"शेडमधून काढलं?"

"आजच काढलं. पण माझं ऐका ना..."

"नक्की काढलं? पुन्हा घेणार नाहीत?"

"कधीच नाही."

बुवांनी डोळे मिटून हात जोडले. "सुटलो बाबा. माझं हे दुखणं मला तीन वर्षांपासून ठाऊक आहे, दाजी. मी नाही म्हटलं असतं, तर तुम्ही दुसऱ्या कुणाला उभं केलं असतं. सोमवारी धास्ती एकच होती, चुकून फुंकर पुरी पडली तर काय करायचं?"

मंडळी, उद्या सकाळी पहिला श्वास भरून घ्याल, तेव्हा त्या बुवांची आठवण असू द्या.